आकडे सुटे सांगा

ज्या माणसामुळे मी एकदा डोंगरावर आपटणार होते, त्याच माणसाची मी आयुष्यभर आभारी आहे, असं म्हटलं की लोक हळूच माझ्या वयाकडे बोट दाखवतात. वय अठ्ठ्याहत्तर. सात, आठ. डोकं अजून जागेवर आहे, तेव्हा आधी ऐकून घ्या.

त्यांना सगळे सुटेसाहेब म्हणायचे. हे त्यांचं आडनाव नव्हे. विमानतळावर नव्यानं आलेली मंडळी मात्र महिनोन्‌महिने त्याच नावानं अर्ज लिहायची आणि ते काही न बोलता सही करून ठेवायचे. नाव पडलं ते त्यांच्या एका वाक्यावरून. समोरच्यानं कसलाही आकडा सांगितला, की हे म्हणणार, "सुटे सांगा." बसमधल्या कंडक्टरसारखं. कंडक्टरला नाणी हवी असतात, यांना अंक. पंचेचाळीस म्हणायचं नाही; चार, पाच म्हणायचं. शिंप्यानं छातीचं माप एकोणचाळीस म्हटलं की हे मान हलवायचे नाहीत, तो तीन, नऊ म्हणेपर्यंत हात वर करून उभे राहायचे. एकदा डॉक्टरांनी वय विचारलं. "पाच, एक," हे म्हणाले. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि त्यांच्या बायकोला विचारलं, "घरी असंच बोलतात का?" वहिनी म्हणाल्या, "घरी तर मला परत म्हणूनही दाखवावं लागतं."

ही सवय जन्मजात नव्हती. ती एका सकाळी लागली, आणि त्या सकाळी मी हवेत होते.

मी तेव्हा टपालाचं विमान चालवायचे. लहानसं, दोन इंजिनांचं, मागं थैल्या आणि थैल्यांच्या पुढं चार खुर्च्या. गणित घेऊन पदवी घेतली होती, घरच्यांना मी कॉलेजात शिकवावं असं वाटत होतं, आणि मी जे केलं ते केलं. तो विषय वेगळा. सुटेसाहेब, म्हणजे तेव्हाचे साधे साहेब, विमानतळावरच्या नियंत्रण कक्षात बसायचे. येणाऱ्या विमानाला कोणत्या उंचीवर यायचं, कुठं थांबायचं, धावपट्टीवर कधी उतरायचं हे सांगायचं काम त्यांचं. त्यांना विमान दिसत नसे. रडार आमच्याकडे फार नंतर आलं. त्यांच्यासमोर असायच्या कागदाच्या अरुंद पट्ट्या, एका विमानाची एक. पट्टीवर पेन्सिलीनं उंची लिहायची. उंची बदलली की जुन्या आकड्यावर रेघ मारायची आणि शेजारी नवा लिहायचा. रबर वापरायचं नाही हा नियम. ढगात असलेलं विमान म्हणजे त्यांच्या दृष्टीनं ती पट्टी. पट्टीवर जे असेल, तेच आकाशात आहे असं धरून चालायचं.

आणि आमच्या बाजूनं एक नियम होता: कक्षातून जे सांगितलं ते परत म्हणून दाखवायचं. त्यांनी म्हटलं तीन हजार, की आपण म्हणायचं तीन हजार. मग ते ऐकणार आणि चूक असेल तर धरणार. साधी युक्ती आहे. लहान मुलाला दुकानात पाठवताना आई करून घेते तशीच.

माझी अडचण अशी, की मी फार वेळा "परत सांगा" म्हणायचे. इंजिनांचा आवाज, खरखरणारा रेडिओ, आणि समोरचा माणूस तोंडात सुपारी धरल्यासारखा बोलणारा. मला पूर्ण ऐकू आल्याशिवाय मी हलत नसे. पुरुष वैमानिकही म्हणायचे परत सांगा, पण त्यांचं कुणी मोजत नव्हतं. माझं मोजलं गेलं. पाठीमागे मला बहिरीबाई म्हणतात हे मला मेकॅनिककडून कळलं. मग एका दुपारी दुसऱ्याच कुठल्या तरी विमानतळावरचा नियंत्रक सगळ्यांच्या कानावर जाईल असं उघड रेडिओवर म्हणाला, "बाई, पुढच्या वेळी कान साफ करून या." सात विमानं ऐकत होती. दोघं-तिघं हसलेलेही मी ऐकले.

त्या दिवसापासून मी ठरवलं, की एकदा विचारायचं. दुसऱ्यांदा नाही.

मूर्खपणा होता तो. मी आज लिहून देते.

आता ती सकाळ. दहाचा सुमार. उत्तरेकडून येत होते. विमानतळाच्या उत्तरेला डोंगराची रांग आहे, तिचा माथा तीन हजार चारशे फूट. ढग असले की त्या पट्ट्यात पाच हजार दोनशेच्या खाली यायचं नाही. नकाशावर तसं छापलेलं असतं. खाली ढग दह्यासारखे घट्ट बसले होते. माझ्यामागे टपालाच्या एकोणीस थैल्या आणि एकच प्रवासी, जनावरांचे एक डॉक्टर, विमान सुटण्याआधीच झोपलेले.

विमानं आमच्या हद्दीत येईपर्यंत त्यांच्या उंच्या ठरवणारं मुख्य केंद्र दुसऱ्या शहरात होतं. तिथल्या माणसानं आमच्या विमानतळाला फोन केला. रेडिओवरचं सगळं बोलणं इंग्रजीत, ठरलेल्या शब्दांत. पण फोनवर दोघंही आपलीच माणसं, त्यामुळे घरची भाषा. तो म्हणाला, "टपाल येतंय. बावन्नवर येऊ दे." बावन्न म्हणजे बावन्नशे. मागची दोन शून्यं कुणी उच्चारायचं नाही, सगळ्यांना कळतंच.

साहेबांच्या एका कानाला फोन, दुसऱ्या कानात रेडिओ. रेडिओवर दुसरं एक विमान पावसाची चौकशी करतंय. हातात पेन्सिल. आणि आता नीट बघा काय होतं ते. बावन्न हा शब्द उच्चारून बघा. कानावर आधी काय पडतं? "बा." दोन. मग "वन्न", पन्नास. आपली भाषा एकं आधी सांगते आणि दहं मागून. डोकं मोकळं असलं की आपण थांबतो, पूर्ण शब्द ऐकतो, उलटवतो आणि पाच-दोन असं लिहितो. दुसरीतल्या पोराला हे जमायला वर्ष लागतं, आणि ते जमलं की आपण विसरून जातो की ते कधी शिकावं लागलं होतं. डोकं मोकळं नसलं तर हात शब्दाच्या मागं धावतो. आधी ऐकलं ते आधी.

पट्टीवर पंचवीस आलं.

साहेबांनी रेडिओ उचलला आणि मला सांगितलं, "दोन हजार पाचशेवर या."

मी मांडीवरच्या नकाशाकडे पाहिलं. तिथं पाच हजार दोनशे छापलेलं. मी विचारलं, "दोन हजार पाचशे. खात्री करा."

त्यांनी पट्टी पाहिली. "बरोबर. दोन हजार पाचशे."

झालं. मी जे ऐकलं ते बरोबर परत म्हटलं. त्यांनी जे लिहिलं होतं ते बरोबर वाचलं. सगळा नियम पाळला गेला आणि मी डोंगराकडे निघाले. तीन दिवसांपूर्वी स्वच्छ उन्हात, डोंगर डोळ्यांना दिसत असताना, मला त्याच जागी खिंडीतून यायला दोन हजार पाचशे मिळाले होते. मी स्वतःला समजावलं, की खाली ढग फाटले असतील, यांना काहीतरी माहीत असेल. दुसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं होतं. कान साफ करून या. मिटलं.

तीन हजार सातशेच्या आसपास ढगाला एक भोक पडलं आणि त्यात मला झाडांचे शेंडे दिसले. शेंड्यांमध्ये एक पाण्याची टाकी, टाकीला लोखंडी शिडी. शिडीची तिसरी पायरी वाकलेली होती. इतक्या जवळून. पुढचं हातांनी केलं, मी नाही. विमान नाक वर करून ओरडत चढलं, थैल्या मागं घसरल्या आणि जनावरांचे डॉक्टर जागे होऊन म्हणाले, "पोचलो का?"

"अजून नाही," मी म्हटलं.

उतरल्यावर थैल्या मोजून द्यायलाही मी थांबले नाही. मी सरळ विमानतळाच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मुख्य केंद्राला फोन लावला. केंद्राच्या वहीत स्पष्ट नोंद होती: पाच हजार दोनशे. मोठ्या साहेबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मला ओळखीची होती.

"बाई, तुम्हाला ऐकायला जरा…"

"मी परत म्हणून दाखवलं. तुमच्या माणसानं हो म्हटलं."

रेडिओवरचं बोलणं टेपवर उतरवणारं यंत्र आमच्याकडे होतं. ते अकरा दिवसांपासून दुरुस्तीला गेलं होतं. म्हणजे उरला माझा शब्द, आणि ती पट्टी. पट्ट्यांचा त्या दिवसाचा गठ्ठा आणला. टपाल विमानाची पट्टी त्यात नव्हती.

चौकशी आठ दिवसांनी ठरली. तोवर माझं लायसन्स मोठ्या साहेबांच्या टेबलाच्या खणात. ते परत मिळेल की नाही, हा प्रश्न होता. न ऐकता डोंगरात उतरलेली बाई म्हणून एकदा शिक्का बसला, तर मला पुन्हा कुणी विमानाच्या पायरीलाही हात लावू देणार नव्हतं. आई फोनवर म्हणाली, "शिकवायची जागा अजून रिकामी आहे." माझ्या रागाचा पारा तिथं चढला होता, आणि आईवर काढता येईना म्हणून मी सगळा त्या माणसाच्या नावावर जमा करत होते. त्यानंच पट्टी फाडली, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

चौथ्या दिवशी तो मला जिन्यात भेटला. सडपातळ, माझ्याच वयाचा, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. मी त्याला त्याआधी नीट पाहिलंही नव्हतं. फक्त आवाज ओळखीचा.

"बाई, मला जरा…"

"माझ्याशी बोलू नका. पट्टी कुठं आहे ते चौकशीत सांगा."

"तिथंच सांगणार आहे," तो म्हणाला.

मला ती धमकी वाटली. तीन वर्षं रोज रेडिओवर बोलून आम्ही एकमेकांचं एक वाक्य सरळ ऐकू शकत नव्हतो.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल, करकरणारा पंखा, पाण्याचा एक जग आणि सहा जणांत दोनच पेले. बाहेरून आलेले अध्यक्ष मधे. एका कडेला एक लेखनिक, प्रत्येकाचं बोलणं भराभर हातानं उतरवणारा. आधी जनावरांचे डॉक्टर. ते म्हणाले, "मी झोपलो होतो. जाग आली तेव्हा पाठ खुर्चीला चिकटली होती. बाईंनी पोचवलं एवढं मला माहीत आहे." मग मोठे साहेब. त्यांनी माझ्या परत सांगा, परत सांगाचा पाढा वाचला. कुठल्या महिन्यात किती वेळा, तेही. मग त्याची पाळी.

तो उभा राहिला आणि पिशवीतून मुलीचा कंपास काढला. शाळेतला, पत्र्याचा, झाकणावर स्टिकर चिकटवलेला. उघडला. आत कर्कटक आणि कोनमापकाच्या मध्ये माझी पट्टी. त्यानं ती टेबलावर ठेवली आणि कुणाकडेही न बघता म्हणाला,

"फोनवर बावन्न आलं. मी पंचवीस लिहिलं. बाईंनी खात्री करायला सांगितली, तेव्हा मी कागद बघून हो म्हटलं. त्यांनी जे ऐकलं ते बरोबर ऐकलं. चूक माझी आहे."

मोठे साहेब म्हणाले, "पट्टी तुमच्याकडे कशी?"

"गठ्ठ्यात ठेवली असती तर कुणाला तरी रबर सापडलं असतं, साहेब."

मोठे साहेब पाणी प्यायले. अध्यक्षांना मात्र ते पटेना. माणूस बाईंना वाचवायला खोटं तर बोलत नाही ना, अशी त्यांना शंका. "बावन्न ऐकून पंचवीस कोण लिहील? तुम्ही काय पहिलीत आहात?" मग लेखनिकाला म्हणाले, "यांनी काय सांगितलं ते वाचा बरं पुन्हा. शब्दन्‌शब्द."

लेखनिकानं घसा साफ केला आणि वाचलं, "फोनवर पंचवीस आलं. मी पंचवीस लिहिलं."

 लेखनिकाला कळेना सगळे त्याच्याकडे का बघताहेत. त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "पंचवीसच आहे, साहेब," तो म्हणाला.

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मला हसू फुटलं असतं, पण त्याच क्षणी मला माझी मांडी आठवली. मांडीवर नकाशा होता, नकाशावर पाच हजार दोनशे होतं, आणि ते मला कुणी विचारलं नव्हतं. ज्या माणसाला मी आठ दिवस चोर म्हणत होते, त्यानं आपली नोकरी कंपासात घालून आणली होती. मी गप्प बसले असते तर कायद्यानं काही बिघडत नव्हतं. पण मग मला जन्मभर स्वतःच्या शेजारी बसायची लाज वाटली असती. मी उठले आणि सांगितलं, की नकाशा समोर होता, मला शंका आली होती, मी एकदाच विचारलं, दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. का विचारलं नाही, तेही सांगितलं. कान साफ करून या, हे वाक्य मी म्हणत असताना मोठे साहेब खिडकीबाहेर बघत होते.

निकाल लागला. मला दोन महिने घरी बसवलं आणि लायसन्स परत दिलं. अध्यक्षांनी लिहिलं, की चूक दोन टोकांची होती आणि दोन्ही टोकांनी स्वतःहून सांगितली. त्या एका वाक्यामुळे त्याची नोकरीही राहिली. खुर्ची मात्र गेली. चौदा महिने तळमजल्यावर हवामानाचे तक्ते भरत बसला. मी धावपट्टीवरून चालत जाताना खिडकीत त्याचं डोकं दिसायचं, खाली वाकलेलं. मी कधी थांबले नाही. काय बोलायचं ते मला कळत नव्हतं, आणि कळत नसलं की मी भराभर चालते.

त्या आठ दिवसांत त्याच्या घरी काय चाललं होतं, ते मला पुष्कळ वर्षांनी त्याच्या बायकोनं सांगितलं. आमची ओळख एका निवृत्ती समारंभात झाली. भाषणं लांबत चालली होती, आणि आम्ही दोघी मागच्या दाराशी खुर्च्या ओढून बसलो होतो.

"त्या दिवशी दुपारी जेवायला आले," वहिनी म्हणाल्या. "जेवलेच नाहीत. खिशातून कागद काढला, टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, रबर आहे का गं? मी म्हटलं, आहे की, पोरीचं आहे, आणि कंपासातलं काढून दिलं. मला बाईला काय ठाऊक."

"मग?"

"मग काय, ताई. फिरवत बसले हातात. म्हणाले, हे चांगलं खोडतं का? मी म्हटलं, नवीनच आहे, डागसुद्धा राहत नाही. तशी एकदम म्हणाले, मग हे घरात नको. आणि खिडकीतून टाकून दिलं. पोरगी संध्याकाळी रडरड रडली, भूमितीची परीक्षा होती तिची."

"तुम्ही काही म्हणाला नाहीत? घर सरकारी, नोकरी गेली तर तेही गेलं असतं."

"म्हटलं ना. म्हटलं, कागद तिथं ठेवू नका, उडून जाईल. कंपासात ठेवा."

 मग आम्ही दोघींनी चहा मागवला. समोर भाषण चालूच होतं.

चौदा महिन्यांनी ते परत खुर्चीवर आले आणि तिथून पुढं सुटेसाहेब झाले. नियमात तर आधीपासूनच होतं, की अंक एकेक करून बोलायचे. पण तो रेडिओवरचा नियम, इंग्रजीतला, परक्यांशी बोलायचा. फोनवर घरच्या माणसाशी कोण असं बोलतं? सुटेसाहेब बोलायला लागले. मुख्य केंद्राचा माणूस म्हणायचा, "बावन्न," हे म्हणायचे, "सुटे सांगा." तो वैतागायचा. "अरे, बावन्न कळत नाही का तुला?" "नाही," हे म्हणायचे, "मला कळत नाही. पाच, दोन सांग." मला कळत नाही, असं रोज दहा वेळा म्हणणं हे सोपं काम नाही. मी एकदाच कमी म्हटलं होतं, मला माहीत आहे. दोन वर्षांत केंद्राचा माणूसही आपण होऊन सुटं बोलायला लागला, आणि मग त्याच्या घरचे वैतागले.

नवीन शिकाऊ नियंत्रक आले की पहिला धडा सुटेसाहेबांचा. एकेकाला उभं करायचे, एका कानाला फोन द्यायचे, दुसऱ्या कानाशी स्वतः वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे आणि फोनवरून बाहेरचा शिपाई आकडे सांगायचा. त्रेचाळीस. सदुसष्ट. बावन्न. लिहा. दर तुकडीत दोघं-तिघं हमखास उलटं लिहायचे. पोरं ओशाळायची. हे म्हणायचे, "लाजू नका. या चुकीनं माझ्या हातून एक विमान डोंगरावर जाणार होतं. चालवणारी बाई तरबेज होती म्हणून वाचलं." एक मुलगी माझ्या शेवटच्या वर्षांत रेडिओवर असायची, ती मला म्हणाली होती, "मॅडम, पहिल्या दिवशी तुमचीच गोष्ट सांगतात." मी विचारलं, "नकाशाचं सांगतात का?" ती म्हणाली, "कुठला नकाशा?"

माझा वाटा ते गाळायचे. सगळा दोष आपल्या पट्टीवर.

पुढं मी बावीस वर्षं विमान चालवलं. सुटं: दोन, दोन. त्यातली बहुतेक वर्षं उतरताना कानात त्यांचा आवाज होता. आमचं बोलणं म्हणजे आकडे. उंची, वारा, धावपट्टी. रेडिओवर गप्पा मारायच्या नसतात आणि जमिनीवर मला घाई असायची. पण त्यांच्याकडे मी दोनदा विचारलं, तीनदा विचारलं, तरी आवाजाची पट्टी चढली नाही. एकदा खरखर फार होती आणि मी पाचव्यांदा म्हटलं, परत सांगा. कुठल्या तरी विमानातून कुणीतरी हुश्श केलं. सुटेसाहेब शांतपणे म्हणाले, "हुश्श कोणी केलं? त्यानं आपली उंची परत म्हणून दाखवावी."  मला त्या दिवशी विमानात एकटीला हसू आवरेना.

त्या बावीस वर्षांतल्या प्रत्येक सकाळी ढगाच्या वर आल्यावर जे ऊन लागायचं, ते त्या कंपासातून आलेलं होतं. हे मला कळत होतं. बोलले कधी नाही. आभार मानायचे म्हणजे आधी थांबावं लागतं, आणि थांबणं माझ्या स्वभावात नाही.

मागच्या महिन्यात वहिनींचा फोन आला. साहेबांचा एक कान गेला आहे, म्हणाल्या, तोच, फोनचा. दुसऱ्याला यंत्र बसवलंय. मी म्हटलं येते. पत्ता सांगायला मात्र साहेबांनी फोन हिसकावून घेतला. "घर क्रमांक चार, शून्य, सात. परत म्हणा." मी परत म्हटलं. "बरोबर," म्हणाले आणि फोन ठेवला. कशा आहात वगैरे काही नाही.

तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढताना मला दोनदा दम खायला थांबावं लागलं, तेवढ्यात वाक्य जुळवून ठेवलं. दार त्यांनीच उघडलं. शर्टाचं वरचं बटण अजून लावलेलं. खिडकीशी दोन खुर्च्या, टेबलावर औषधांच्या डब्या, प्रत्येकीवर मोठ्या अक्षरात अंक. वहिनी आत चहा टाकायला गेल्या. आम्ही गुडघ्यांविषयी बोललो. मग ते दुखणं संपल्यावर मी म्हटलं,

"साहेब, एक सांगायचं राहिलं होतं. मी तुमची आभारी आहे."

त्यांनी हात कानामागे नेला. "परत सांगा."

बेचाळीस वर्षांनी एक वाक्य जुळवावं आणि ते बहिऱ्या कानावर पडावं. मी खुर्ची पुढं ओढली आणि एकेक शब्द सुटा केला. "मी. तुमची. आभारी. आहे."

"कशाबद्दल?"

"पट्टीबद्दल."

त्यांनी औषधाची एक डबी अंक समोर येईल अशी फिरवून ठेवली. मग रेडिओवर बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "तुम्ही आभारी आहात, पट्टीबद्दल. मी आभारी आहे, नकाशाबद्दल. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

वहिनी कप घेऊन बाहेर आल्या. "यंत्र चालू आहे त्यांचं, ताई," त्या म्हणाल्या. "तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, तेव्हाच ऐकू आलं होतं."